दहा अँप्यूल

पावसाळ्याचे दिवस, तालुक्याच्या गावातलं मेडिकल, संध्याकाळचे साडेसात. काउंटरवर सर्दी-तापवाल्यांची गर्दी. त्यात एक माणूस आला. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला गोठ्याचा वास. "डायक्लोच्या दहा द्या. अन् वीसची सिरिंज. सुई जाड द्या." दुकानदाराने खोक्यातून दहा अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या बंद काचेच्या कुप्या, मोजल्या, कागदात गुंडाळल्या, रबर लावलं. शेजारच्याने सहज विचारलं, "काय झालं?" "बैल बसलाय कालपासनं. उठतच नाय. रातभर कण्हतोय." त्याने सुटे पैसे मोजून ठेवले आणि गेला. सगळं मिळून दोन मिनिटं.

कोणी काही चुकीचं केलं असं तिथे कोणालाच वाटलं नाही. डोक्यातून जात नाही ते तेच.

अँप्यूल तीन मिलीची का असते, याला एक इतिहास आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध. कंबर, गुडघे, दाढ, ऑपरेशननंतरचा ठणका, सगळ्यांवर चालणारं. माणसाच्या तीन मिलीच्या इंजेक्शनात ७५ मिलिग्रॅम औषध असतं आणि डॉक्टर दिवसाला १५० च्या वर सहसा जात नाहीत. १९९० च्या दशकात हेच औषध जनावरांसाठीही मिळू लागलं. स्वस्त, लगेच गुण देणारं. कास सुजलेली म्हैस तासाभरात दुधाला उभी राहायची, खांदा आलेला बैल दुसऱ्या दिवशी जू घ्यायचा. हे औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात हे कळल्यावर २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, तेव्हा माणसांसाठीच्या तीस मिलीच्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. माणसाला एका वेळी तीस मिली कोण टोचतं? त्या बाटल्या कुणासाठी खपतात हे सगळ्यांनाच कळत होतं. म्हणून जुलै २०१५ मध्ये नियम आला, की माणसांचं हे इंजेक्शनही एका वेळच्या डोसाचं, तीन मिलीचंच असेल. हिशोब असा, की साडेतीनशे किलोच्या बैलाला पंधरा-वीस मिली तरी लागणार. म्हणजे पाच-सात अँप्यूल. प्रत्येकीची मान मोडायची, काच हाताला लागू द्यायची नाही, सुईने ओढून घ्यायचं, मग पुढची. एवढा कुटाणा कोण करील?

ज्याचा बैल रात्रभर कण्हतोय तो करील. कायदा माणसाच्या आळसावर विसंबला होता आणि मायेला आळस नसतो.

हे औषध बैलाला मारत नाही. बैल मेलाच, तर त्याला खाणाऱ्याला मारतं. पक्ष्याच्या शरीरातली घाण आपल्यासारखी पाण्यात विरघळून जात नाही. ती युरिक ॲसिडच्या रूपाने, पांढऱ्या लगद्यासारखी बाहेर पडते. डायक्लोफेनॅकने गिधाडाचं मूत्रपिंड निकामी झालं की ते ॲसिड रक्तात साठतं आणि त्याचे खडे होऊन आतल्या अवयवांवर बसतात. शवविच्छेदनात पोट उघडलं की काळजावर, यकृतावर पांढरी भुकटी पसरलेली दिसते, रांगोळीची वाटी उपडी व्हावी तशी. मात्रा किती लागते? पांढऱ्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे पाठीचा शेपटीकडचा भाग पांढरा असलेल्या, गिधाडाचं वजन साधारण पाच किलो आणि त्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं. माणसाच्या एका अँप्यूलमध्ये ७५ मिलिग्रॅम, त्या कागदाच्या पुडीत ७५०. अर्थात टोचलेलं सगळंच मांसात उरत नाही. बैलाचं शरीर ते मोडतं, बाहेर टाकतं. पण यकृतात, मूत्रपिंडात आणि सुई टोचलेल्या जागी ते जास्त राहतं. आणि गिधाडाची चोच मऊ जागा बघून आधी आतड्या-काळजाकडेच जाते.

राजस्थानातल्या भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांना झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं दिसू लागली. पेंगुळल्यासारखं बसून राहायचं, मान हळूहळू छातीपर्यंत खाली यायची, मध्येच दचकून वर जायची, पुन्हा खाली. आणि मग एक दिवस पक्षी फांदीवरून खालीच पडायचा. पहिला संशय साथीच्या रोगावर गेला, विषाणू शोधण्यात वर्षं गेली. उलगडा झाला तो पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू बघितले, जिवाणू बघितले, कीटकनाशकं आणि जड धातूही तपासले. काहीच सापडेना. तेव्हा त्यांनी उलटा प्रश्न विचारला. इथल्या जनावरांना असं काय दिलं जातं, जे मूत्रपिंडाला घातक असू शकतं? हा प्रश्न घेऊन ते जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानांत गेले. उत्तर तिथल्या फळीवर होतं. आत पांढरी भुकटी सापडलेल्या २५ गिधाडांची तपासणी झाली, पंचविसांतही डायक्लोफेनॅक निघालं. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत एकातही नाही. जानेवारी २००४ मध्ये हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं. तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्के संपली, लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून ९७ टक्के. हजारातलं एक उरलं, असं म्हटलं की आकडा जरा समजतो.

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही गावाबाहेरची ती जागा आठवते. ओढ्याच्या पलीकडे, गायरानाच्या कडेला. वारा तिकडून आला की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. तिथली झाडं खालून वर पांढरी असायची, चुन्याने रंगवल्यासारखी, आणि पानं जळलेली. ढोर टाकलं की आधी कावळे, मग कुत्री. गिधाडं कुठेच नसायची. आणि मग आभाळात, डोळ्यांवर हात धरून बघावं लागेल इतक्या उंचीवर, एक ठिपका गोल फिरायचा. त्याला खाली उतरताना बघून दुसरा, दुसऱ्याला बघून दोन कोसांवरचा तिसरा. वासावर नाही, नजरेवर चाललेला कारभार. तासाभरात चाळीस-पन्नास. पंख पसरले की सात फूट, उतरताना वाऱ्याचा आवाज व्हायचा, ताडपत्री फडफडावी तसा. खाताना भांडणं, फुत्कार, किरकिर. शाळेची वाट तिकडून असेल तर पोरं नाकाला सदरा लावून उभी राहायची, घाण वाटायची आणि पायही निघायचे नाहीत. खाऊन झालं की पोट इतकं जड, की उडण्याआधी पंख उघडून थुई-थुई उड्या मारत धावायचं, मुंज्यासारखं. सांज व्हायच्या आत बरगड्यांचा पांढरा सांगाडा. हाडं गोळा करणारा महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि पोत्यात भरून खतासाठी न्यायचा.

या आठवणीत एक गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती राहून जाते तेव्हा हा सगळा प्रकार 'निसर्गाचं चक्र' म्हणून फार गोड वाटायला लागतो. ते ढोर आपलं आपण गावाबाहेर चालत गेलेलं नसायचं. ते ओढून न्यायचं काम कोणाच्या माथी मारलेलं होतं हे महाराष्ट्रात सांगायला नको. त्या कामाच्या बदल्यात मिळालेली हाडकी-हाडोळ्याची जमीन, मेलेल्या जनावराचा वाटा आणि त्याबरोबर आलेला विटाळ. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढे ढोरं ओढणंही लोकांनी सोडलं, आणि ते सोडताना गावोगाव मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्यामुळे गिधाडांबद्दल हळहळताना 'पूर्वीची व्यवस्था किती छान होती' असं जो कोणी लिहितो, त्याने ती दोरी कोणाच्या खांद्यावर होती तेही लिहावं. गिधाडं परत यावीत, ती व्यवस्था नको. या दोन वाक्यांत विरोध नाही, पण दुसरं वाक्य पूर्ण करायला ढोर उचलण्याचं काम पंचायतीला पगारी माणूस, गाडी, हातमोजे देऊन करावं लागतं. सध्या बहुतेक ठिकाणी जेसीबी बोलावतात, सहा फूट खड्डा, वर मीठ आणि चुना. स्वच्छ पद्धत आहे. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरासाठी तर तीच योग्य. पण न टोचलेलंही सगळं मातीत गेलं, तर उरलेल्या गिधाडांनी खायचं काय?

चामड्याचंही तसंच. कातडं सोलून नेलेलं ढोर गिधाडांसाठी वाढलेलं ताट असतं. न सोललेली म्हैस म्हणजे कुलूप लावलेला डबा. चोच डोळ्यांतून, गुदद्वारातून, कासेच्या मऊ जागेतून वाट काढते, पण वेळ लागतो, आणि तेवढ्यात कुत्री फाडून पुढे होतात. गिधाडांना मुद्दाम खाणं ठेवणारे म्हणूनच आधी पोटावरून चीर देतात.

भाषेत या पक्ष्याचं काही खरं नाही. जमिनीच्या दलालापासून निवडणुकीतल्या उमेदवारापर्यंत, जो टपून बसतो तो गिधाड. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा तो माणूस, पण चित्रात काढायचा तर गिधाडच काढणार. आणि त्याच तोंडाने इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जाऊन आपण जटायूला हात जोडतो. राम-रावणाच्या युद्धात पहिलं रक्त एका गिधाडाचं सांडलं, आणि त्याचं क्रियाकर्म खुद्द रामाने केलं असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. पक्ष्याचा दहनविधी करणाऱ्या कथेत वाढलेल्या लोकांनी पंधरा वर्षांत तो पक्षी संपवला आणि त्यांना कळलंसुद्धा नाही, हे पचवणं अवघड आहे. वाघ मारला की बंदूक दिसते, जंगल तोडलं की कुऱ्हाड दिसते. इथे काय दिसतं? बैलाच्या मानेवर थोपटणारा हात आणि एक सिरिंज.

हिशोब मांडला की आणखी अवघड होतं. शास्त्रज्ञांनी गणित करून बघितलं, की गिधाडं ज्या वेगाने संपली तेवढी संपायला मेलेल्या जनावरांपैकी किती टक्क्यांत जीवघेणं औषध असावं लागेल. उत्तर आलं, जास्तीत जास्त पाऊण टक्का. एक टक्काही नाही. म्हणजे दोनशे शेतकऱ्यांनी आपली ढोरं गायरानात टाकली आणि त्यातल्या एका-दोघांनी शेवटच्या दिवशी इंजेक्शन दिलं होतं, बस्स. कारण गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एका ढोरावर पन्नास येतात आणि एका आठवड्यात अशा दोन-तीन पंगती करतात. शिवाय पुन्हा भरून येण्याची त्यांची चाल फार मंद. वर्षाला एक अंडं, त्यावर दोघांनी मिळून दीडेक महिन्याहून जास्त बसायचं, पिल्लू उडायला तीन-चार महिने, आणि ते स्वतः अंडं घालायला लागेपर्यंत पाच वर्षं. घरट्यात पिल्लू असताना आई किंवा बाप गेला, तर पिल्लूही जातं. एकशे नव्व्याण्णव जणांनी काहीच वावगं केलं नाही आणि उरलेल्या एकानेही दयेपोटीच केलं. मग जबाबदार कोण धरायचा? आपल्याकडे पापाला करणारा लागतो, नाव लागतं. इथे नाव नाही. पण झालेलं तर आहे.

या टप्प्यावर हमखास कोणीतरी पैशांचं सांगतं. गिधाडं गेली, कुत्री वाढली, कुत्र्यांबरोबर रेबीज वाढला, ओढ्या-नाल्यांत कुजकं मांस पडायला लागलं. २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली. आकडा भयंकर आहे आणि सरकारी बैठकीत तोच कामाला येतो, तेव्हा तो सांगितलाच पाहिजे. तरी तो सांगताना घशात काहीतरी अडकतं. गिधाडाच्या पोटातलं ॲसिड काळपुळीचे जंतूसुद्धा पचवतं म्हणून ते जगावं, मुंबईत मलबार हिलवर पारशी ज्या दोखम्यात आपले मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवतात तिथे ते काम करायला कोणी उरलं नाही म्हणून ते जगावं. हे सगळं खरं, पण म्हणजे उद्या सफाईचं तेच काम करणारं यंत्र निघालं की गिधाडाने मरायला हरकत नाही का? म्हातारा बैल औताला चालत नाही तरी त्याला दावणीला चारा घालणारे लोक याच गावात आहेत. त्यांना हा प्रश्न विचारला तर ते कदाचित रागावतील. त्यांच्या रागात जे आहे ते पाच लाखांच्या आकड्यात नाही.

दुरुस्तीची कामं चालू आहेत आणि ती बघण्यासारखी आहेत, कारण त्यात भाबडेपणाला जागाच नाही. हरयाणात पिंजोरला बंदिस्त पिंजऱ्यांत गिधाडांची पैदास होते. जोडीने घातलेलं पहिलं अंडं हळूच काढून उबवणी यंत्रात ठेवायचं, म्हणजे जोडी दुसरं घालते. वर्षाला एकाची दोन. खायला बकऱ्या, पण बाजारातून आणलेली बकरी त्याच दिवशी कापायची नाही. आठवडाभर आपल्याकडे ठेवायची, म्हणजे आधीच्या मालकाने काही टोचलं असेल तर ते निघून जातं. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, दिवसांवर ठेवायचा. जानेवारी २०२४ मध्ये तिथे वाढलेली गिधाडं विदर्भात ताडोबा आणि पेंचला आणली गेली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यात तिथल्या वाऱ्या-उन्हाची सवय करून, पाठीवर ट्रान्समीटर बांधून सोडली. त्यातलं एक ताडोबाहून उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथे विजेच्या तारेला लागून मेलं. गिधाडासाठी सुरक्षित प्रदेश म्हणजे केवढा असावा, तर शंभर किलोमीटर त्रिज्येचा, असं मानतात. क्षेत्रफळ काढलं तर तीस हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं. त्यात किती मेडिकल येतात याचा विचार करून बघा.

कोकणात रायगडच्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या जंगलात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं टिकून आहेत. महाडची सिस्केप ही संस्था तिथे वर्षानुवर्षं राबते आहे. त्याच महाडची, हे लिहिताना हात थोडा थांबतो. नाशिककडे हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी खाणं ठेवण्याची जागा केली. लोक त्याला 'गिधाडांचं हॉटेल' म्हणतात, पण हॉटेल चालवणं सोपं, हे नाही. जागा मोकळी हवी, भोवती दाट झाडी नको, कारण भरल्या पोटी पक्ष्याला पळायला धावपट्टी लागते. विजेच्या तारा दूर हव्यात. कुत्री आत येऊ नयेत म्हणून जाळीचं कुंपण, पण पक्ष्याला वरून उतरता येईल एवढा रुंद आवार. जवळ उथळ पाणी, कारण खाऊन झाल्यावर गिधाडं आंघोळ करतात. एवढ्या घाणीत राहणारा पक्षी अंगाने फार टापटिपीचा असतो. आणि ढोर आणण्याआधी मालकाला विचारायचं, गेल्या आठ दिवसांत काय काय टोचलं? बिघडतं ते इथे. मालक मुद्दाम खोटं बोलत नाही. त्याला माहीतच नसतं. 'डॉक्टरने दोन सुया दिल्या' एवढंच तो सांगतो. कधी डॉक्टर नसतो, गावातला सुई टोचणारा असतो, आणि तो पिशवीत हाताला येईल ते भरतो. म्हणून शंका आली की ते ढोर आत घ्यायचं नाही, मग पक्षी आठवडाभर उपाशी दिसले तरी चालेल. उपासाने गिधाड सहसा मरत नाही. तो त्याचा स्वभावच आहे.

बैल कण्हत असताना हे सगळं त्या माणसाला सांगून काय उपयोग, असं वाटतं. पण त्याला सांगण्यासारखं एक साधं वाक्य होतं: "डायक्लो नको, मेलॉक्सिकॅम घ्या." मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. टॉल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. ॲसिक्लोफेनॅक मात्र फसवं, जनावराच्या अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. ते आणि कीटोप्रोफेन २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. तरी फळीवर काय शिल्लक असतं ते फळीलाच माहीत. मेलॉक्सिकॅमबद्दल गावात एक कुरकुर ऐकू येते, की ते 'थंड' आहे, त्याने लवकर उठत नाही. बऱ्याच वेळा दोष औषधाचा नसतो, मात्रेचा असतो. गाय-बैलाला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम लागतं. मिलीला पाच मिलिग्रॅमची बाटली असेल तर साडेतीनशे किलोच्या बैलाला पस्तीस मिली होतं. डायक्लोच्या पंधरा मिलीची सवय असलेला हात इथेही पंधरावरच थांबतो. मग अर्ध्याहूनही कमी मात्रा जाते आणि नाव औषधाचं खराब होतं. वजनाचा अंदाजही चुकतो, बैल उंच दिसला की माणूस साडेचारशे म्हणतो, पोट खपाटीला गेलं की अडीचशे. टेप असेल तर पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यावा, खांद्याच्या हाडापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. पासष्ट इंच घेर आणि पंचावन्न लांबीचा बैल साडेतीनशेच्या आसपास भरतो. आणि दोन दिवस पाणी न प्यालेल्या जनावराला कुठलंही दुखण्याचं औषध टोचण्याआधी सलाइन लागतं, नाहीतर ते त्याच्याच मूत्रपिंडावर उलटू शकतं. ते काम डॉक्टरचं. बसलेल्या जनावराचं मूळ दुखणं बरेचदा दुखण्याच्या औषधाने जातच नाही, कॅल्शियम कमी असतं, नस दबलेली असते, नाहीतर पोटात लोखंड गेलेलं असतं. रात्री साडेसातला कोणता डॉक्टर येतो, हा त्या माणसाचा प्रश्न रास्त आहे.

पण काउंटरच्या आतल्या माणसाला दोन खुणा पुरेशा होत्या. दहा अँप्यूल आणि जाड सुई. माणसाला ना तेवढ्या लागतात, ना तसली. एकच शब्द विचारायचा होता. कोणासाठी? आणि काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्यांनाही तो विचारता आला असता. मग गर्दीत कोण वाद घालणार, हा बैल त्याचा, दुकान त्याचं, आपण कोण? या 'आपण कोण'मध्ये बरंच काही मावतं. पक्षी कोणाचेच नसतात म्हणून त्यांच्या वतीने बोलायला कोणी नसतं, आणि बोललं तर ते बैलवाल्याच्या विरुद्ध बोलल्यासारखं होतं. तसं ते नाही. तो माणूस त्या रात्री कंदिलाच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात एकेक काच मोडत बसला असेल, बोटाला फडकं गुंडाळून, थेंब वाया जाऊ नये म्हणून अँप्यूल तिरकी धरून. दहा वेळा. बैलासाठी एवढं करणाऱ्या माणसाला गिधाडासाठी थोडं काही करायला सांगणं जड जाऊ नये. फक्त ते दोन्ही जीव एकाच सुईला जोडलेले आहेत हे कोणीतरी त्याला सांगितलेलं असायला हवं. त्याच्या गावावर आता गिधाड फिरतही नसेल. असेलही. शंभर किलोमीटर त्याला सकाळची फेरी आहे.

बैलाचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही. टोचलेलं औषध जनावराच्या अंगात साधारण तीन दिवसांत गिधाडाला न मारण्याइतकं उतरतं. त्याआधी बैल गेला, तर त्याला पुरायलाच हवं, सहा फूट खाली, उघड्यावर टाकून चालणार नाही. हेही त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून त्या पुडीची आठवण आली की मन दिवस मोजायला लागतं. इंजेक्शन बुधवारी रात्री दिलं असेल. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बैल शनिवारची रात्र काढो.